रिक्वेस्ट संपली तरी ऑब्जेक्ट मेमरीत टिकवायचं कसं: पायथन वेब अ‍ॅपवाल्यांसाठी

पावसाळा लागला की सांगलीत सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतंय, आणि २००५, २०१९, २०२१ बघितल्यावर तर कोयनेतून किती क्युसेक सोडलं हेही लोक टपरीवर चहा पिता पिता सांगतात. तर समजा तुम्ही याचंच एक छोटं वेब अ‍ॅप केलंय, फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये. पाणी अमुक फुटांवर गेलं तर तुमच्या गल्लीत येणार का नाही एवढंच ते सांगतंय. लॅपटॉपवर झकास चाललंय. मग सर्व्हरवर गुनिकॉर्नमागे (हा पायथनची वेब अ‍ॅप चालवणारा प्रोग्राम) ४ वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या ४ प्रोसेस, लावून टाकलं आणि लगेच फोन, "अहो तुमचं अ‍ॅप गंडलंय, एकदा उघडलं की ३९ फूट ८ इंच, रिफ्रेश मारला की ४० फूट ५ इंच, परत मारला की परत ३९ फूट ८ इंच". म्हणजे एकदा इशारा पातळीच्या खाली, एकदा वर. नदी काय अशी सेकंदासेकंदाला खाली-वर होत नाही, तेव्हा घोळ तुमच्या मेमरीत आहे.

या अ‍ॅपमध्ये मेमरीत ठेवण्यासारख्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे, हे आधी डोक्यात घ्या. एक, भागवार उंचीचा तक्ता, म्हणजे सांगलीवाडीपासून विश्रामबागपर्यंत कुठली जमीन किती उंचीवर. हा मोठा, लोड व्हायला दहा-बारा सेकंद घेणारा, पण अख्ख्या सीझनमध्ये बदलत नाही. दोन, पाण्याची आत्ताची पातळी. एवढासा आकडा, पण सारखा बदलतो आणि सगळ्यांना एकच दिसला पाहिजे. तीन, डेटाबेसचं कनेक्शन. ते उघडायला वेळ लागतो म्हणून उघडंच ठेवायचं असतं. लोक काय करतात, तिन्हींना एकच औषध देतात. सगळं ग्लोबलमध्ये टाकतात, नाहीतर कुणीतरी घाबरवलं म्हणून सगळं रेडिसमध्ये (वेगळा चालणारा, डेटा मेमरीत ठेवणारा सर्व्हर) टाकतात. दोन्हीत मार खातात.

मेमरी असते प्रोसेसची

पायथनमध्ये मॉड्युल पहिल्यांदा इम्पोर्ट झालं की ते सिस मॉड्युलमधल्या मॉड्युल्स नावाच्या डिक्शनरीत जाऊन बसतं, आणि पुढे कितीही वेळा इम्पोर्ट लिहिलं तरी तेच परत मिळतं. त्यामुळे मॉड्युलच्या वरच्या पातळीला जे व्हेरिएबल ठेवाल ते रिक्वेस्ट संपल्यावरही जिवंत राहतं, ती प्रोसेस जिवंत आहे तोपर्यंत. पीएचपीवरून आलेल्यांना हे नवल वाटतं, कारण तिकडे प्रत्येक रिक्वेस्टला पाटी कोरी.

पण "ती प्रोसेस" हे शब्द महत्त्वाचे. गुनिकॉर्न ४ वर्करवर चालवलं म्हणजे एक मुख्य प्रोसेस आणि तिच्या चार पोरी, प्रत्येकीचा पायथन वेगळा, मॉड्युल्सची डिक्शनरी वेगळी, तुमचं ग्लोबल वेगळं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांसारखं, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांसारखं आहे ते, एका पेवात पोती ओतली म्हणून शेजारच्या पेवातला माल वाढत नाही. नवी पातळी घेऊन आलेली रिक्वेस्ट ज्या वर्करला लागली त्यानेच फक्त आपला आकडा बदलला, बाकीचे तीन जुनाच सांगत बसले. आणि कुठली रिक्वेस्ट कुठल्या वर्करला जाणार हे तुमच्या हातात नसतं.

लॅपटॉपवर हे का दिसलं नाही? कारण फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर एकाच प्रोसेसमधून सगळ्यांना वाढतो, फक्त थ्रेड, म्हणजे आतले कामाचे धागे, वेगवेगळे. थ्रेड एकाच प्रोसेसमधले असल्यामुळे त्यांना ग्लोबल एकच दिसतं.

खात्री करायची असेल तर अ‍ॅपमध्ये एक तात्पुरता राऊट (यूआरएल) टाका, जो ओएस मॉड्युलच्या गेटपिड फंक्शनने आलेला प्रोसेस नंबर आणि त्याशेजारी तुमच्या ग्लोबलची किंमत छापेल, आणि टर्मिनलवरून कर्लने (यूआरएल मागवणारी कमांड) त्याला वीस-पंचवीस वेळा मारा. नंबर जेवढे वेगळे दिसतील तेवढ्या तुमच्या ग्लोबलच्या कॉप्या. इथे एक फसवणूक आहे बघा. काही जण प्रोसेस नंबरऐवजी आयडी फंक्शनने ऑब्जेक्टचा पत्ता छापतात, सगळीकडे सारखाच आला की खूश होतात, "सर बघा की, एकच ऑब्जेक्ट आहे". तसं नसतं. मुख्य प्रोसेसमध्ये ऑब्जेक्ट बनवून मग फोर्क केलं, म्हणजे तिच्यापासून तशाच पोरी काढल्या, तर पोरींना आईचा अख्खा पत्त्यांचा नकाशा जसाच्या तसा मिळतो, त्यामुळे पत्ता सारखा दिसतो, पण कुणीही त्यात काही लिहिलं की तिथून पुढे तिची कॉपी वेगळी. पत्ता बघू नका, एकाने बदललेली किंमत दुसऱ्याला दिसते का ते बघा.

न बदलणारा मोठा तक्ता

हा सगळ्यात सोपा प्रकार, आणि इथे प्रत्येक वर्करची कॉपी वेगळी असली तरी बिघडत काही नाही, चारही कॉप्या सारख्याच. नुसतं मॉड्युलच्या वर लोड करा आणि पुढे जा. एक वेगळी फाईल करा, तक्ता डॉट पीवाय म्हणा, त्यात लोड करणारं फंक्शन आणि एक रिकामं व्हेरिएबल, आणि बाकी सगळ्यांनी तक्ता मागायचा तो तिथल्याच एका फंक्शनकडून. थेट त्या व्हेरिएबलला कुणी हात लावायचा नाही. "फ्रॉम तक्ता इम्पोर्ट अमुक" असं व्हेरिएबलच उचलून आणलं तर तुम्हाला त्या क्षणीची किंमत मिळते, नंतर मूळ मॉड्युलमध्ये नवी वस्तू ठेवली तरी तुमच्या फाईलमधलं नाव जुन्याकडेच बोट दाखवत राहतं. हा बग शोधण्यात माणसाची संध्याकाळ जाते.

आणखी एक. जी फाईल तुम्ही थेट पायथनने चालवता ती मेन या नावाने लोड होते, आणि दुसऱ्या एखाद्या फाईलने तीच फाईल तिच्या खऱ्या नावाने इम्पोर्ट केली तर पायथन तिला परत एकदा लोड करतो, एकाच प्रोसेसमध्ये दोन तक्ते. म्हणूनच तक्ता मुख्य फाईलमध्ये ठेवायचा नाही, वेगळ्या फाईलीत ठेवायचा.

लोड कधी करायचं, सुरुवातीलाच का पहिल्या रिक्वेस्टला? माझं मत स्पष्ट आहे, सुरुवातीलाच. पहिल्या रिक्वेस्टला केलं तर पहिल्या माणसाला बारा सेकंद थांबावं लागतं, आणि पूर आलेला असताना तो थांबत नसतो, तो रिफ्रेश मारत सुटतो. शिवाय गुनिकॉर्नचा साधा सिंक वर्कर ३० सेकंद गप्प राहिला की मुख्य प्रोसेस त्याला मेलेला समजून मारून टाकते, हा डिफॉल्टच आहे. आज तुमचा तक्ता बारा सेकंदात येतो, उद्या मिरज-कुपवाड जोडलं आणि चाळीस सेकंद झाले की वर्कर लोड करता करता मरणार, नवा येणार, परत पहिली रिक्वेस्ट, परत लोड, परत मरणार. लॉगमध्ये वर्कर टाइमआऊट, वर्कर टाइमआऊट अशी माळ लागते आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या घालत बसता. (सुरुवातीचा लोडही वर्करमध्येच होत असेल तर त्यालाही हेच ३० सेकंद लागू, त्यातून सुटका खाली येणाऱ्या प्रीलोडने.)

तरीही काही कारणाने पहिल्या रिक्वेस्टलाच करायचं असेल तर लॉक लावा. "रिकामं असेल तर लोड कर" एवढंच लिहिलं आणि वर्करमध्ये आठ थ्रेड असले तर आठही जणांना ते एकदम रिकामं दिसू शकतं आणि आठही जण लोड करायला घेतात. आधी बघायचं भरलंय का, नसेल तर लॉक घ्यायचं, लॉक मिळाल्यावर परत एकदा बघायचं, कारण तुम्ही थांबला होता तेवढ्यात दुसऱ्याने भरलं असेल, आणि तरीही रिकामं असेल तरच लोड करायचं. फंकटूल्समधलं एलआरयू कॅश लावून हे काम होतं असं बरेच जण सांगतात. त्याची आतली यादी थ्रेडमुळे बिघडत नाही हे खरं, पण पहिला कॉल संपायच्या आत दुसरा थ्रेड आला तर फंक्शन परत चालू शकतं, म्हणजे दोनदा लोड. छोट्या कामाला चालेल, बारा सेकंदांच्या लोडला नको. त्यातून मिळालेली लिस्ट ही कॅशमधलीच खरी लिस्ट असते, कुणी प्रेमाने तिच्यावर सॉर्ट नाहीतर पॉप मारला की पुढच्या सगळ्या रिक्वेस्टना तीच बिघडलेली मिळणार. म्हणून न बदलणारा डेटा खरोखरच न बदलणारा करून ठेवा, लिस्टऐवजी टपल, आणि डिक्शनरीवर टाइप्स मॉड्युलमधलं मॅपिंग प्रॉक्सी टाईप लावलं की तिच्यातून वाचता येतं, तिच्यात लिहिता येत नाही.

फ्रेमवर्कप्रमाणे जागा कुठली ते पटकन सांगतो. फ्लास्कमध्ये अ‍ॅप फॅक्टरी वापरत असाल तर अ‍ॅपच्या एक्स्टेन्शन्स डिक्शनरीत ठेवा आणि करंट अ‍ॅपमधून काढा. जी नावाचं जे ऑब्जेक्ट आहे ते यासाठी नाही, नाव ग्लोबलसारखं वाटतं पण ते प्रत्येक रिक्वेस्टला नवीन असतं. जॅंगोमध्ये अ‍ॅप कॉन्फिगच्या रेडी मेथडमधून लोड करा, पण तिथून डेटाबेसला हात लावू नका, मायग्रेट चालवतानाही ती मेथड चालते. रनसर्व्हरमध्ये ती दोनदा चाललेली दिसेल, ऑटोरीलोडसाठी दोन प्रोसेस असतात म्हणून, घाबरू नका. फास्टएपीआयमध्ये लाइफस्पॅन फंक्शनमध्ये लोड करून अ‍ॅप स्टेटवर टांगा, संपताना बंद करायची सोयही तिथेच आहे.

आता मेमरीचं बिल. तक्ता ४०० एमबीचा असेल तर ४ वर्कर म्हणजे १६०० एमबी, आणि आपण घेतलेला स्वस्तातला सर्व्हर २ जीबीचा. इथे गुनिकॉर्नचा प्रीलोड पर्याय कामाला येतो. तो लावला की अ‍ॅप मुख्य प्रोसेसमध्ये एकदाच लोड होतं आणि मग फोर्क होतं, लिनक्स मेमरीची पानं कॉपी न करता सगळ्यांना तीच दाखवतं, जोपर्यंत त्या पानावर कुणी लिहीत नाही तोपर्यंत. ऐकायला भारी. पण पायथनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टच्या डोक्यावर रेफरन्स काउंट, म्हणजे त्याच्याकडे किती जण बोट दाखवतात तो आकडा, असतो आणि ऑब्जेक्ट नुसतं वाचलं तरी तो आकडा बदलतो, म्हणजे वाचणं हेच लिहिणं. चार दिवसांनी बघाल तर डिक्शनऱ्यांनी भरलेली पानं हळूहळू सगळ्यांची वेगळी झालेली असतात. पायथन ३.१२ पासून नन (पायथनची 'काही नाही' ही किंमत), छोटे आकडे असल्या काही ऑब्जेक्टचा काउंट बदलायचा बंद केलाय, पण तुमच्या तक्त्यातल्या ऑब्जेक्टना ती सवलत नाही. गार्बेज कलेक्टरही (नको झालेले ऑब्जेक्ट साफ करणारा) फिरताना पानं घाण करतो, त्याच्यासाठी ३.७ पासून जीसी मॉड्युलमध्ये फ्रीझ आहे, लोड झाल्यावर आणि फोर्कच्या आधी ते मारायचं. थोडा फरक पडतो, काउंटचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

यावर खरं औषध म्हणजे आकडे डिक्शनरीत ठेवूच नका, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेत ठेवा. दहा लाख उंच्या म्हणजे दहा लाख पायथन ऑब्जेक्ट असं होत नाही, एकच ऑब्जेक्ट आणि त्याच्यामागे सलग कच्चा डेटा, त्या डेटात काउंट नाहीत, त्यामुळे वाचून पानं वेगळी होत नाहीत. त्याहून बरं, अ‍ॅरे एनपीवाय फाईलमध्ये सेव्ह करा आणि लोड करताना मेमरी मॅप मोड फक्त-वाचन ठेवा. मग प्रीलोडचीही गरज नाही, चारही वर्कर तीच फाईल मॅप करतात, ऑपरेटिंग सिस्टीम तिची पानं एकदाच मेमरीत ठेवते, आणि लोडचे बारा सेकंद जाऊन फाईल नुसती उघडली जाते, पानं लागतील तशी येतात. एनपीझेड फाईलवर हे चालत नाही, तिथे तो मोड गपचूप दुर्लक्षित होतो, त्यामुळे एनपीवायच.

आणि मोजताना टॉप कमांडमधला रेस आकडा बघून चारने गुणू नका, त्यात वाटून घेतलेली पानं प्रत्येकाच्या नावावर परत परत मोजलेली असतात. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेस नंबरखाली स्मॅप्स रोलअप नावाची फाईल असते, तिच्यातला पीएसएस बघा, त्यात वाटणी करून हिशेब दिलेला असतो.

बदलणारा आकडा, जो सगळ्यांना एकच दिसला पाहिजे

खरी मारामारी इथे. पाण्याची पातळी.

सगळ्यात सोपा उपाय लोक लाजेखातर वापरत नाहीत, तो म्हणजे एकच वर्कर आणि त्यात आठ-दहा थ्रेड. गुनिकॉर्नला वर्कर १ आणि थ्रेड ८ सांगितलं की तो आपोआप जीथ्रेड प्रकारचा वर्कर घेतो. प्रोसेस एक म्हणून ग्लोबल एक, विषय संपला. "पण मोठ्या अ‍ॅपमध्ये असं करत नाहीत", हो भावा, पण तुझं अ‍ॅप मोठं आहे का? एका शहराला पाण्याची पातळी दाखवायची, प्रत्येक रिक्वेस्ट दोन-चार मिलिसेकंदांची, तिथे एक प्रोसेस भरपूर होते. कोअर × २ + १ वर्कर ठेवा हे सूत्र गुनिकॉर्नच्या डॉक्समध्ये आहे म्हणून सगळे डोळे झाकून तेवढे ठेवतात. याच्या मर्यादाही आहेत, आकडेमोड जड असेल तर जीआयएलमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) थ्रेड एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहतात, आणि ती एक प्रोसेस मेली की आकडाही गेला, तेव्हा तो कुठूनतरी परत भरून काढता आला पाहिजे.

थ्रेड वापरताना एक सवय लावून घ्या. चालू ऑब्जेक्टमध्ये तुकड्यातुकड्याने बदल करायचा नाही. पातळी, वेळ, कोयनेचा विसर्ग अशा तीन गोष्टी एका डिक्शनरीत असतील आणि तुम्ही एकेक करून बदलल्या तर मधेच आलेल्या रिक्वेस्टला नवी पातळी आणि जुनी वेळ मिळते, सकाळी ८ वाजता ४० फूट ५ इंच होतं असं ती सांगते, जे कधी नव्हतंच. त्याऐवजी बाजूला अख्खी नवी डिक्शनरी तयार करा आणि शेवटी एका ओळीत नाव तिच्याकडे वळवा. नाव वळवणं हे एका झटक्यात होतं. वाचणाऱ्यानेही रिक्वेस्टच्या सुरुवातीला एकदाच ते नाव स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि शेवटपर्यंत तेच वापरायचं. एवढं पाळलं तर वाचणाऱ्यांना लॉक लागत नाही. लॉक लागतं ते आधीची किंमत वाचून त्यावरून नवी काढायची असेल तिथे, उदाहरणार्थ किती लोकांनी बघितलं त्याची मोजणी. अधिक-बरोबर-१ ही ओळ एक दिसते पण आत वाचा, वाढवा, ठेवा अशा पायऱ्या आहेत, आणि जीआयएल त्या पायऱ्यांच्या मध्ये थ्रेड बदलू शकतो. ३.१३ मध्ये बिनजीआयएलचा पायथन प्रयोग म्हणून आला आणि ३.१४ मध्ये अधिकृत झाला, तेव्हा "जीआयएल आहे ना, काय होतंय" हा भरवसा आता तसाही सोडाच.

एकापेक्षा जास्त वर्कर लागणारच असतील तर आकडा पायथनच्या बाहेर काढा. सर्व्हर एकच असेल तर साधी फाईलही चालते, हसू नका. नवा आकडा आला की तो जेसन या साध्या मजकुराच्या रूपात एका तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायचा आणि ओएसच्या रिप्लेसने ती फाईल खऱ्या नावावर आणायची. एकाच डिस्कवर, एकाच फाईलसिस्टीममध्ये असेल तर हे अदलाबदल लिनक्सवर एका झटक्यात होतं, अर्धवट लिहिलेली फाईल कुणालाच दिसत नाही. वर्कर फाईलची बदललेली वेळ बघतात, बदलली असेल तरच परत वाचतात. इन्स्टॉल काही करायला नको, आणि सर्व्हर बंद-चालू झाला तरी शेवटचा आकडा जाग्यावर.

सर्व्हर दोन झाले किंवा लिहिणारे बरेच झाले की रेडिस घ्या. मोजणीला त्याची आकडा वाढवणारी इन्कर कमांड आहे, कमांड एकामागे एक चालतात म्हणून आकडा हुकत नाही. पातळी, वेळ, विसर्ग एकत्र राहायला हवेत तर तिन्ही एकाच कमांडमध्ये लिहा, वेगवेगळ्या कीमध्ये वेगवेगळ्या वेळी लिहिलं तर मघाचाच घोळ नेटवर्कवरून होणार. त्यात पिकल करून (ऑब्जेक्ट साठवायची पायथनची स्वतःची पद्धत) पायथन ऑब्जेक्ट टाकू नका, जेसन टाका. कारण पिकल उघडणं म्हणजे त्यात जे लिहिलंय ते चालवणं, आणि रेडिसचं पोर्ट पासवर्डशिवाय बाहेर उघडं ठेवणारे सर्व्हर आपल्या आसपास कमी नाहीत.

प्रत्येक रिक्वेस्टला रेडिसकडे जायचं जिवावर येत असेल, किंवा तिथे ठेवलेली वस्तू मोठी असेल, तर मधला मार्ग आहे. रेडिसमध्ये एक आवृत्ती नंबर ठेवा, डेटा बदलला की तो वाढवा, आणि वर्करने दर काही सेकंदांनी फक्त तो नंबर विचारायचा, स्वतःकडच्यापेक्षा वेगळा असेल तरच मोठी वस्तू परत आणायची. लिहिताना आधी डेटा, मग नंबर. उलटं केलं तर एखादा वर्कर नवा नंबर बघून जुना डेटा उचलेल आणि आपण अद्ययावत आहोत असं समजून बसेल. पब-सबने, म्हणजे रेडिसने सगळ्या ऐकणाऱ्यांना निरोप पाठवून, कळवायचं असं काही जण सुचवतात, पण ज्या वर्करचं कनेक्शन त्या क्षणी तुटलेलं असेल त्याचा निरोप हवेत जातो, परत मिळत नाही. नंबर विचारणं कंटाळवाणं आहे पण भरवशाचं.

जॅंगोवाल्यांनो, कॅशची सेटिंग काही न करता कॅश वापरत असाल तर ती लोकल मेमरी कॅश आहे, नाव कॅश असलं तरी प्रत्येक प्रोसेसची वेगळी. ४.० पासून रेडिसचा बॅकएंड जॅंगोतच आहे, तो लावा.

मल्टिप्रोसेसिंगचं मॅनेजर कुणी सुचवलं तर नमस्कार करून पुढे जा. तो एक वेगळी प्रोसेस उभी करतो आणि तुम्हाला लांबून हलवायची दोरी देतो. त्याच्या डिक्शनरीतली आतली साधी लिस्ट बदलली तर तो बदल तिकडे पोचतच नाही, परत नेमून द्यावी लागते. म्हणजे छोटं, कच्चं रेडिस स्वतः सांभाळायचं.

मग हा आकडा आणणार कोण? इथेही तीच चूक दिसते, अ‍ॅप सुरू होताना मागे एक थ्रेड सोडायचा जो दर दहा मिनिटांनी आकडा आणेल. ४ वर्कर म्हणजे ४ थ्रेड, चौघेही एकाच दारात जाऊन तेच विचारणार, समोरचा सर्व्हर तुम्हाला ब्लॉक करेल. प्रीलोड लावलं तर उलटा प्रकार, थ्रेड मुख्य प्रोसेसमध्ये सुरू झाला आणि फोर्क झाल्यावर पोरींमध्ये तो नाहीच, कारण फोर्कमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड पलीकडे जातो. आकडा आणायचं काम वेब अ‍ॅपमधून काढा आणि ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनला नाहीतर सिस्टीमडीच्या टायमरला द्या. एक छोटी स्क्रिप्ट, आकडा आणते, फाईलमध्ये किंवा रेडिसमध्ये ठेवते, मरते. अ‍ॅपने फक्त वाचायचं. निम्मे प्रश्न इथेच मिटतात.

कनेक्शन

कनेक्शन प्रोसेसच्या बाहेर वाटता येत नाही आणि वाटायचंही नाही. प्रीलोड लावलंय आणि इम्पोर्ट होतानाच डेटाबेसला जोडलं, तर फोर्कनंतर चारही वर्करच्या हातात तोच सॉकेट येतो. एकाने विचारलेल्या क्वेरीचं उत्तर दुसरा वाचून मोकळा होतो, आणि एरर अशा येतात की कुठल्या ओळीचा कशाला संबंध लागत नाही. कनेक्शन फोर्कनंतर उघडा, गुनिकॉर्नच्या कॉन्फिगमध्ये पोस्ट फोर्क नावाचा हुक त्यासाठीच आहे. एसक्यूएल अल्केमी या डेटाबेस लायब्ररीचं इंजिन आधीच बनलेलं असेल तर त्या हुकमध्ये डिस्पोज करा, क्लोज फॉल्स देऊन, म्हणजे आईची कनेक्शनं न तोडता पोरगी स्वतःचा नवा पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनांचा साठा, घेते.

पूलचा हिशेब कागदावर करा. एसक्यूएल अल्केमीचा पूल डिफॉल्टला ५ आणि गर्दीत वर १०, म्हणजे एका प्रोसेसला १५. ४ वर्कर म्हणजे ६०. पोस्टग्रेस डिफॉल्टला १०० कनेक्शन देतं. एका सर्व्हरवर बसलं, पण दुसरा तसाच सर्व्हर जोडला की १२०, आणि हे कळणार कधी, तर पाणी वाढत असताना सगळं गाव एकदम अ‍ॅप उघडेल तेव्हा.

हे ग्लोबलमध्ये कधीच नाही

ज्या माणसाची रिक्वेस्ट आहे त्याची माहिती, म्हणजे लॉगिन कोण आहे, त्याचा पत्ता, त्याने निवडलेली गल्ली. सोयीसाठी कुणीतरी "चालू युजर" असं ग्लोबल करतं, एकटा टेस्ट करताना मस्त चालतं, आणि दोन माणसं एकदम आली की वखारभागातल्या माणसाला सांगलीवाडीचा निकाल. याच्यासाठी फ्लास्कचं ते जी, जॅंगोचं रिक्वेस्ट ऑब्जेक्ट, नाहीतर कॉन्टेक्स्ट व्हार्स आहेत. असिंकमध्ये थ्रेड लोकलही वापरू नका, तिथे एकाच थ्रेडवर कितीतरी रिक्वेस्ट आलटून पालटून चालतात. असिंक डेफमध्ये साधं थ्रेडिंगचं लॉक धरून मधे अवेट करणं हाही जुना रोग, इव्हेंट लूपच अडकू शकतो, असिंक आयओचं लॉक घ्या, नाहीतर अवेटच्या आधी सोडा.

सर्व्हरवर टाकायच्या आधी

लॅपटॉपवरही फ्लास्कच्या सर्व्हरवर न थांबता गुनिकॉर्नवरच चालवून बघा. विंडोजवर गुनिकॉर्न चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या, आपल्याकडच्या बहुतेक पोरांकडे विंडोजच असतंय. वर्कर ३ ठेवा आणि मॅक्स रिक्वेस्ट्स ५० ठेवा, म्हणजे प्रत्येक वर्कर ५० रिक्वेस्ट झाल्या की मरून नवा येईल. आता एका टर्मिनलवरून कर्लचा लूप सोडा, दुसऱ्या टर्मिनलवरून मधेच पातळी बदला, आणि लूपचं आउटपुट, त्यातली फक्त किंमत, सॉर्ट न करता युनिकमधून (लागोपाठच्या सारख्या ओळी एक करणारी कमांड) काढा. बदलाच्या आधी एक किंमत, नंतर दुसरी, अशा दोनच ओळी आल्या पाहिजेत. नंतरच्या दोनशे रिक्वेस्टमध्ये जुनी किंमत एकदा जरी दिसली, किंवा नवा वर्कर आल्यावर शून्य नाहीतर नन दिसलं, तर कुठलंतरी ऑब्जेक्ट अजून चुकीच्या जागी आहे, राऊटमधला प्रोसेस नंबर बघून ते कुणाकडे आहे ते शोधा. ताज्यापणासाठी काही सेकंदांची सूट तुम्हीच दिली असेल तर तेवढा वेळ सोडून मोजा. खऱ्या सर्व्हरवर मॅक्स रिक्वेस्ट्स एवढं कमी ठेवू नका, आणि ठेवलंच तर सोबत जिटर द्या, म्हणजे प्रत्येक वर्करची मर्यादा थोडी वेगळी होते, नाहीतर तिन्ही वर्कर एकाच वेळी मरायला जातात.